आधी किनार बघ, मग रिपोर्ट लिही

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

स्पर्धकांवरचा तुझा रिपोर्ट वाचला. पानिपतपासून गुजरातपर्यंत सगळे टॉवेलवाले त्यात आलेत, रंगीत तक्तेही झकास. पण मूळ प्रश्न कुठे हरवला? आपल्याला दिवाळीच्या आत एवढंच ठरवायचंय, की बँकेचं कर्ज काढून रॅपिअर लूम (बिनधोट्याचे माग) घ्यायचे की आहेत त्या शटल लूमवरच (धोट्याच्या मागांवर) चालवायचं. प्रत्येक पानाला विचार, हे खरं निघालं तर आपला निर्णय बदलेल का? बदलणार नसेल तर ते पान काढून टाक. मला वाटतं, निम्मा रिपोर्ट गळेल.

तू लिहिलंयस की पलीकडच्या कारखान्याने रॅपिअर घेतले, म्हणून त्याला नगामागे 12 रुपये भाव पाडता आला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सगळे हेच बोलतात. मी त्याचा 30 बाय 60 इंचांचा टॉवेल बाजारातून विकत आणला आणि आधी किनार बघितली. शटल लूमवर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा काठाशी वळून परत फिरतो, म्हणून किनार बंद, साफ येते. रॅपिअरवर प्रत्येक बाणा काठाला तुटतो, टोकं मोकळी राहतात, ती दुमडून शिवावी किंवा आत खोचावी लागतात. या टॉवेलची किनार बंद होती, शिवण नाही की खोचलेली टोकं नाहीत. म्हणजे निदान हा माल तरी शटलवरचाच.

मग दोन्ही टॉवेल धुऊन, खळ काढून, कडकडीत वाळवून तोलले. आपला 465 ग्रॅम भरला, त्याचा 420. आपण 186 ला देतो, तो 174 ला. आता किलोने हिशेब कर: आपला 400 रुपये पडतो, त्याचा जवळजवळ 414. भाव कुठे पाडला त्याने? वजन पाडलंय. (तुझ्या आईने हाताला लागताच सांगितलं होतं, तराजू मी तुझ्यासाठी काढला.) एका टॉवेलवरून सगळा माल तसाच असं म्हणता येणार नाही, म्हणून वेगवेगळ्या दुकानांतून आणखी आणायला सांगितलेत.

तुझं ते मायकेल पोर्टरचं पान मात्र ठेव. स्पर्धकाला काय हवंय, धंद्याबद्दल तो काय धरून चाललाय, सध्या काय करतोय, त्याला काय झेपेल, हे चार प्रश्न कामाचे आहेत. आपले लोक तिसऱ्यावरच थांबतात. दुसरा जास्त महत्त्वाचा. गिऱ्हाईक टॉवेल तोलून घेत नाही, असं तो धरून चाललेला दिसतो. किरकोळ दुकानात ते खरंही असेल. हॉटेलवाला मात्र टेंडरमध्येच जीएसएम (चौरस मीटरमागे किती ग्रॅम) लिहितो.

माहिती कुठून मिळाली तेही समोर लिहीत जा: पाहिलं, ऐकलं की अंदाज. सूतवाला दलाल त्याच्याबद्दल तुला जेवढं सांगतो, तेवढंच तुझ्याबद्दल त्याला सांगतो, हे लक्षात ठेव. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने यंत्रं बँकेकडे तारण ठेवली तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर बोजा दिसतो. पण आपल्याकडे बहुतेक भागीदारी आणि प्रोप्रायटरी, तिथे काही सापडायचं नाही. त्यापेक्षा चहाच्या टपरीवरची ‘रॅपिअरला जॉबर (माग दुरुस्त ठेवणारा कारागीर) पाहिजे’ ही चिठ्ठी जास्त बोलते.

त्याच्याकडून सुटलेला एक कारकून भावाची फाइल दाखवतो म्हणाला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तुलाही कोणी पाठवली तर उघडू नकोस. आणि ‘सगळे बसून एकच भाव ठरवू’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठ, 2002 च्या स्पर्धा कायद्यात ते बसत नाही.

आता खरं काम. हैदराबादचे दोन व्यापारी आपल्याकडून त्याच्याकडे गेले, ते भावासाठी गेले की उधारीसाठी, हे तुझ्या रिपोर्टात कुठेच नाही. प्राप्तिकराच्या नियमामुळे आपल्यासारख्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल मुदतीत (लेखी करार असेल तर फार तर 45 दिवस, नसेल तर 15) चुकतं केलं नाही, तर व्यापाऱ्याला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. समोरच्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल किंवा तो मध्यम गटात असेल, तर व्यापारी त्याच्याकडे बिनघोर 90 दिवस ओढू शकतो. तसं असेल तर रॅपिअर आणून काय उपयोग? गेलेलं गिऱ्हाईक त्याने परत येणार नाही.

दोघांना फोन नको, जाऊन भेट. भाव आधी काढू नकोस, त्यांच्याकडे आपला कोणता माल अजून पडून आहे तिथून सुरू कर, पुढचं ते आपणहून बोलतील. मग मला एका पानावर लिही: रॅपिअर घ्यावेत की नाही, कशावरून, आणि काय कळलं तर तू मत बदलशील. बँकेच्या साहेबांना मी पुढच्या सोमवारचं सांगितलंय, तेव्हा शनिवारपर्यंत पाठव.

तुझे,
अप्पा