पाठमोरा मुलगा ओळखणारी आई : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त शिक्षक. आमच्या भागात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. आमच्या घरातून माझा पुतण्या आहे. २०२५च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला असताना, ८ तारखेच्या रात्री तो पश्चिम सीमेवर होता. नेमका कुठे, हे आम्ही विचारत नाही. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. वहिनी टीव्हीसमोर बसल्या होत्या. निवडायला घेतलेल्या तांदळाची परात मांडीवर तशीच होती आणि पडद्यावर लाल पट्टी धावत होती : कराची बंदरावर नौदलाचा हल्ला. मागे भोंगा वाजत होता. शेजारची पोरं ओट्यावर टाळ्या वाजवत होती. वहिनींनी मला एवढंच विचारलं, ‘भाऊजी, म्हणजे आता मोठं युद्ध सुरू झालं का?’

कराची बंदरावर हल्ला झालेला नव्हता. सकाळी ती पट्टी गेली आणि दुसरी आली. आमच्या घरात चालू असलेल्या त्या वाहिनीवर ‘रात्री आम्ही चुकीचं सांगितलं’ असं कुणी म्हणाल्याचं मला दिसलं नाही. भोंग्याबद्दल मात्र १० मे रोजी सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं की नागरी संरक्षणाच्या सायरनचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, खऱ्या इशाऱ्याच्या वेळी लोक तो मनावर घेणार नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी मी हॉलिवूडचे दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड यांचा ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ पुन्हा पाहिला. २००६चा आहे. युद्धाच्या काळात सरकार आणि वर्तमानपत्रं मिळून एखादी गोष्ट कशी घडवतात, हे मला यापेक्षा नीट कुठल्या सिनेमात दिसलेलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

सिनेमा एका छायाचित्राची गोष्ट सांगतो. दुसरं महायुद्ध, २३ फेब्रुवारी १९४५. जपानच्या इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर सहा अमेरिकन सैनिक झेंडा उभारत आहेत, असं छायाचित्रकार जो रोझेंथल यांनी टिपलेलं छायाचित्र दोनच दिवसांत अमेरिकेतल्या रविवारच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं. खरं तर तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा होता. पहिला लहान होता आणि तो सकाळीच लागला होता. लढाई तर पुढे महिनाभर चालली. छायाचित्रातले तिघे बेटावरच मारले गेले. उरलेल्या तिघांना सरकारने मायदेशी बोलावून घेतलं, कारण तिजोरीला पैसे हवे होते. लोकांनी सरकारला युद्धासाठी कर्ज द्यावं म्हणून त्यांना देशभर दौऱ्यावर फिरवलं. सातव्या युद्धकर्जाचं उद्दिष्ट १४ अब्ज डॉलरचं होतं. जमले २६ अब्जांहून जास्त.

त्या दौऱ्यातले प्रसंग सिनेमात अंगावर येतात. शिकागोच्या स्टेडियममध्ये कागदाच्या लगद्याचा डोंगर उभा केलाय. तिघांनी त्यावर चढून पुन्हा झेंडा लावायचा आहे. आतषबाजी सुरू होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे बेट येतं. एका मेजवानीत झेंडा उभारणाऱ्या सैनिकांच्या आकाराचं पांढरं आइस्क्रीम येतं आणि वाढपी त्यावर लालभडक स्ट्रॉबेरीचा रस ओततो. कुणी काही बोलत नाही. मी तिथे सिनेमा थांबवला आणि थोडा वेळ ओसरीवर जाऊन बसलो.

पण मंत्रिमहोदय, मला तुम्हाला सांगायचंय ते दोन आयांबद्दल. छायाचित्रात झेंड्याच्या काठीच्या बुडाशी वाकलेला, पाठमोरा सैनिक म्हणजे हॅन्सन, असं सरकारने जाहीर केलं. हॅन्सन मारला गेला होता. त्याच्या आईचा सत्कार झाला. प्रत्यक्षात तो हार्लन ब्लॉक होता, टेक्सासचा. तोही मारला गेला होता. त्याच्या आईने वर्तमानपत्रात नुसती पाठ पाहून मुलाला ओळखलं. तिचं कुणी ऐकलं नाही. दौऱ्यावरच्या तिघांपैकी इरा हेस या पिमा जमातीच्या तरुणाला खरं ठाऊक होतं. त्याने वरिष्ठांना सांगितलं, तर उत्तर मिळालं की नावं जाहीर झाली आहेत, गप्प राहा. युद्ध संपल्यावर १९४६ साली तो वाटेत मिळेल त्या गाडीने टेक्सासला गेला आणि ब्लॉकच्या वडिलांना भेटून सांगून आला, छायाचित्रात तुमचा मुलगाच आहे. मग चौकशी झाली आणि १९४७ साली नाव दुरुस्त झालं. हेस १९५५ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, दारू आणि थंडीने गेला.

हे अर्धंच झालं. सिनेमा ज्या पुस्तकावर आहे, ते तिघांपैकी जॉन ब्रॅडली यांच्या मुलाने लिहिलंय. सिनेमा आल्यानंतर दोन हौशी अभ्यासक जुनी छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून पँटची दुमड, कमरेचा पट्टा, शिरस्त्राणाखालची टोपी अशा खुणा ताडत बसले. त्यांना संशय आला. अमेरिकन मरीन दलाने चौकशी नेमली आणि २०१६ साली जाहीर केलं की त्या छायाचित्रात ब्रॅडली नाहीत, हॅरोल्ड शुल्ट्झ आहेत. २०१९ साली आणखी एक दुरुस्ती केली : दौऱ्यावरच्या तिघांतले तिसरे, रेने गॅन्यॉन नाहीत, हॅरोल्ड केलर आहेत. म्हणजे ज्या तिघांना देशभर मिरवलं, त्यांतला एकटा हेस खरोखर छायाचित्रात होता. शुल्ट्झ टपाल खात्यात नोकरी करून १९९५ साली वारले. त्यांनी जाहीरपणे कधी आपलं नाव पुढे केलं नाही.

७१ वर्षांनी आणि ७४ वर्षांनी सरकारने स्वतःची चूक स्वतः सांगितली. झेंड्याला त्यामुळे काही कमीपणा आला नाही. तिथल्या शहिदांचा मानही उणावला नाही.

ईस्टवूड यांनी त्याच वर्षी त्याच लढाईवर जपानच्या बाजूने, जपानी भाषेत दुसरा सिनेमा केला, ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’. तिथे सरकारची दुसरी तऱ्हा दिसते. बेटाचे सेनापती कुरिबायाशी यांना आपल्या आरमाराचा मारियाना बेटांजवळ धुव्वा उडालाय हे मुख्यालयाकडून कळतच नाही. एक सहकारी अधिकारी त्यांना सांगतो. मुख्यालय जनतेला फसवतंच आहे, पण आपल्यालाही फसवतंय, हे त्या दोघांना तिथे उमगतं. पुढे रेडिओवर सेनापतींच्या मुलखातल्या शाळकरी मुलांचं गाणं लागतं, बेटावरच्या सैनिकांसाठी खास गायलेलं. मदत येणार नसते, येतं ते गाणं. जून १९४२मध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या आणि मुख्यालयाने जाहीर केलं की एक बुडाली, एकीचं मोठं नुकसान झालं. जखमी खलाशांना इस्पितळात वेगळं ठेवलं, बोलू नयेत म्हणून. त्या निवेदनांना ‘दाईहोनएई हाप्प्यो’, म्हणजे मुख्यालयाची घोषणा, म्हणत. सरकारी थापेला जपानी माणूस आजही तोच शब्द वापरतो.

लढाईत सगळं उघड सांगा, असं मी म्हणत नाही. २६/११ला मुंबईत वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या कसाब निकालात त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. तसं चित्रीकरण पुन्हा होऊ नये म्हणून तुमच्या मंत्रालयाने २६ एप्रिल २०२५ला वाहिन्यांना सूचना दिली, ती योग्यच होती. माझ्या पुतण्याचा जीव त्या सूचनेवर अवलंबून होता. पण काही काळ लपवणं वेगळं आणि नसलेलं घडलं म्हणून सांगणं वेगळं. ११ मेच्या पत्रकार परिषदेत हवाई दलाने ‘नुकसान हा लढाईचा भाग असतो’ एवढंच सांगितलं, तेव्हा आमच्या गावातल्या माजी सैनिकांनी माना डोलावल्या. आपली विमानं पडली हे संरक्षण दल प्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये परदेशी वृत्तसंस्थांना सांगितलं. ते ऐकून गावात कुणाचा धीर खचला नाही. वाईट एवढंच वाटलं की हे आम्हाला आधी इथे, आपल्या माणसांकडून का कळलं नाही.

केबल टीव्ही नियमांतली कार्यक्रम संहिता अर्धसत्य दाखवायला मनाई करते. २०२१च्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यावा लागतो. मी तक्रार केली. वाहिनीचं उत्तर मुदतीत आलं : ‘बातमी त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारित होती.’ चुकीची होती की नव्हती, यावर एक अक्षर नाही.

माझं मागणं हे आहे. युद्धकाळात वाहिनीने दिलेली बातमी खोटी निघाली, तर ती ज्या वेळेला दाखवली त्याच वेळेला, तेवढाच वेळ, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती दाखवणं बंधनकारक करा. आणि हा नियम दूरदर्शन, आकाशवाणी व तुमच्या स्वतःच्या पत्रसूचना कार्यालयालाही लावा. समाजमाध्यमांवर सरकारविषयीचं खरं-खोटं ठरवायला सरकारने कक्ष नेमण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केली. दुसऱ्याचं खोटं ठरवायचा अधिकार मागण्याआधी आपली चूक सांगायची पद्धत सरकारने घालून द्यावी. मरीन दलाला ते जमलं. आपल्याला ७० वर्षं लागू नयेत.

पुतण्या दिवाळीत दहा दिवसांच्या सुट्टीवर आला होता. वहिनींनी त्याला टीव्हीबद्दल काही सांगितलं नाही. तो झोपला असताना दारात उभ्या राहून बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

माझी तक्रार आणि वाहिनीचं उत्तर, दोन्हींच्या प्रती मंत्रालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवल्या आहेत. उत्तर मराठीत मिळालं तर वहिनींनाही वाचता येईल.

आपला नम्र,
एका सैनिकाचा काका
जिल्हा सातारा