टायर फुटल्यावर काय करायचे, हे कोणी शिकवेल का?

महोदय,

मे महिना तोंडावर आला आहे. लग्नसराई, सुट्ट्या आणि देवदर्शनासाठी नागपूरच्या गाड्या आता लांबच्या रस्त्याला लागतील. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्याला मिळाला. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे गाडी एका सेकंदात ३३ मीटर कापते. अशा वेगात टायर फुटला तर विचार करायला वेळच मिळत नाही. पाय सवयीने आपोआप ब्रेकवर जातो.

नेमके तेच घातक आहे. फुटलेले चाक गाडीला आधीच आपल्या बाजूला ओढत असते. त्यात ब्रेक दाबला की गाडी गर्रकन फिरते, दुभाजकावर चढते, नाहीतर उलटते. स्टिअरिंग घाबरून उलट दिशेला फिरवले तरी तेच होते. खरे तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा. वेग आपसूक उतरू द्यायचा. गाडी ताब्यात आली की चारही इंडिकेटर लावून, मागचे बघत डावीकडे घ्यायची. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग ओढते आणि मागचा फुटला तर गाडीची मागची बाजू झुलते, पण उपाय दोन्हीवर हाच.

गाडी थांबली की संकट टळले असे आपण समजतो. माझ्या मते खरा धोका तिथून पुढे आहे. परवा आउटर रिंग रोडवर पाहिले. गाडी अर्धी रस्त्यात, उजवे मागचे चाक बसलेले, एक गृहस्थ रहदारीकडे पाठ करून उकिडवे बसून पाना फिरवत होते. ट्रक गेला की त्यांचा शर्ट फडफडायचा. दोन लहान मुले गाडीच्या मागे, डिक्कीच्या सावलीत उभी होती, म्हणजे मागून एखादे वाहन धडकले असते तर आधी तीच सापडली असती. त्या गृहस्थांना दोष देता येत नाही. उन्हात मुलांना सावलीत उभे करणे कोणालाही सुचेल. पण अशा वेळी रिम खराब झाली तरी चालेल, गाडी हळूहळू पुढे नेऊन रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी. सगळ्यांनी डाव्या दारातून उतरून रेलिंगच्या पलीकडे उभे राहावे. धोक्याचा इशारा देणारा लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे, येणाऱ्याला दुरून दिसेल असा ठेवावा. आणि चाक रहदारीच्या बाजूचे असेल तर ते स्वतः बदलायच्या फंदात पडू नये, मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे क्रमांक आहेत. त्रिकोणाऐवजी ट्रकवाले मागे दगड-फांद्या लावतात आणि निघताना तिथेच सोडून जातात. रात्री तेच दगड पुढच्याचा जीव घेतात.

आता हवेबद्दल. ‘उन्हाळा आहे, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा’ हा सल्ला आपल्या शहरात घरोघरी मिळतो. तो साफ चुकीचा आहे. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजूच्या भिंती वाकतात आणि त्यातूनच तो आतून तापतो. वर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि खाली तापलेला सिमेंटचा रस्ता, मग अशा टायरचा काय निभाव लागणार? ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. चालून आलेल्या गाडीची हवा वाढलेली दिसली म्हणून ती सोडू नये. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की तो कायद्यानेही बाद आहे. टायर कधी बनला हे कळण्यासाठी त्याच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडेही पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी धावलेल्या गाडीच्या खाचा छान दिसतात, पण रबर मात्र म्हातारे झालेले असते.

हे ज्ञान काही अवघड नाही, तरी ते देतो कोण? परवान्याच्या परीक्षेत आठ काढता येतो का ते बघतात, चिन्हे विचारतात. टायर फुटला तर काय कराल, हे विचारलेले मी कोणाकडून ऐकले नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्टेपनी कुठे असते तेही दाखवत नाहीत. पेट्रोल पंपावर मोफत हवा हा ग्राहकाचा हक्क आहे, पण हवेचे मशीन बंद, नाहीतर गेज बिघडलेले, हा अनुभव अनेकांना आहे.

परिवहन विभागाने शिकाऊ परवान्याच्या प्रश्नांत हा विषय घालावा आणि पंपांवरची गेज उन्हाळ्याआधी तपासली जावीत. आणि शिवमडक्याला, महामार्गाच्या सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदी फलक लावावा: टायर फुटल्यास ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, डावीकडे थांबा, उतरून रेलिंगमागे जा.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर