वाचनालयातला संगणक आणि अथेन्सची खापरे : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा निवृत्त इतिहास शिक्षक. संध्याकाळी गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसतो. तिथे एक संगणक आहे आणि इंटरनेट बऱ्यापैकी चालते. गेल्या वर्षी बहिःस्थ एम. ए. करणारी एक मुलगी आली. तिला प्राचीन ग्रीसवर निबंध लिहायचा होता. आठ दिवस शोधून जमवलेला ऐवज तिने मोबाइलवर दाखवला : कुणाच्या तरी नोट्सच्या पीडीएफ, पंधरा मिनिटांत अथेन्स उरकणारे व्हिडिओ आणि संगणकाने बनवलेले अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे एक चित्र, जे तिने खरे छायाचित्र समजून जपून ठेवले होते.

तिची चूक नव्हती. "ग्रीसचा इतिहास" असे शोधले की आधी हेच हाती लागते. साधने नाहीत अशी तक्रार घेऊन मी आलेलो नाही. साधने उदंड आहेत, त्यांतली बरीचशी फुकट आहेत, पण ती आहेत हे आमच्या मुलांना मराठीत सांगणारे कुणी नाही.

आम्ही सुरुवात पर्सियसपासून केली. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे हे डिजिटल ग्रंथालय. मूळ ग्रीक मजकूर, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि कुठल्याही ग्रीक शब्दावर टिचकी मारली की त्याचे रूप आणि अर्थ समोर. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याच्या तिसऱ्या पुस्तकाचे १०६ वे प्रकरण मी तिला मुद्दाम उघडून दिले. हिंदुस्थानातल्या रानझाडांना फळ म्हणून लोकर लागते, ती मेंढीच्या लोकरीहून सुंदर आणि सरस असते, आणि तिथले लोक तिचीच वस्त्रे नेसतात, असे तो लिहितो. मुलीने मूळ मजकुरातल्या 'एइरिआ' या शब्दावर टिचकी मारली. अर्थ आला, लोकर. "सर, हा कापूस आहे," ती म्हणाली. तिच्या घरी त्या आठवड्यात वेचणी चालू होती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडे कापसाला शब्द नव्हता, म्हणून त्याने लोकर हा शब्द वापरला, हे तिला कुठल्याही गाइडने सांगितले नसते.

मग अथेन्सचा अगोरा, म्हणजे तिथला चौक. तिथे अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ही संस्था १९३१ पासून उत्खनन करते आहे. खोदणाऱ्यांनी जागेवर बसून लिहिलेल्या वह्या, आकृत्या, छायाचित्रे या संस्थेने संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. हेस्पेरिया या तिच्या नियतकालिकाचे जुने लेखही फुकट वाचता येतात. आपल्याकडे दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतात. अथेन्सचे नागरिक खापराच्या तुकड्यावर नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव कोरत, आणि ज्याचे नाव सर्वांत जास्त खापरांवर येई तो दहा वर्षे हद्दपार होई. १९३७ साली अक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशी सुमारे १९० खापरे मिळाली. सगळ्यांवर नाव एकच, थेमिस्टोक्लीज, इराणी आरमाराला हरवणाऱ्या सलामिसच्या लढाईचा नायक. आणि अक्षरे तपासली तर ती अवघ्या चौदा हातांची निघाली! म्हणजे कुणीतरी बसून, ठरवून, वाटण्यासाठी खापरे कोरून ठेवली होती. लोकशाहीवरच्या दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते हेस्पेरियातल्या या खापरांवरच्या एका लेखाने झाले. दुसऱ्या दिवशी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली.

बाकीचे थोडक्यात सांगतो. अटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइनवर अथेन्सचे शिलालेख इंग्रजी अनुवादासह आहेत, प्लायडीसवर प्राचीन स्थळांचे नकाशे. ऑक्सफर्डच्या बीझली संग्रहात एक लाखाहून अधिक चित्रित भांड्यांच्या नोंदी आहेत. येल विद्यापीठातली इतिहासकार डोनाल्ड केगन यांची प्राचीन ग्रीसवरची २४ व्याख्याने फुकट ऐकता येतात. इंग्रजी जड जाणाऱ्यांनी मराठी विश्वकोशातल्या नोंदींपासून आरंभ करावा, तोही ऑनलाइन आहे.

"यवतमाळच्या पोरांना ग्रीस कशाला?" असे एका परिचितांनी मला विचारलेच. त्यांना म्हटले, कार्ल्याच्या लेण्यात जाऊन खांबांवरचे लेख पाहा, दान देणाऱ्यांत स्वतःला यवन म्हणवणारे आहेत, आणि त्या काळी यवन हा शब्द ग्रीकांसाठी होता.

आता मागणे. नवे पोर्टल नको, अ‍ॅप तर नकोच. पोर्टलला पासवर्ड लागतो, आणि ओटीपी जातो तो आधीच्या ग्रंथपालांच्या मोबाइलवर. ग्रंथालय संचालनालय आपल्याच विभागाकडे आहे आणि विद्यापीठांचे इतिहास विभागही. एकेका विषयाची दहा-बारा पानांची मराठी वाटाडी पुस्तिका त्या विभागांकडून लिहून घ्यावी. कोणते संकेतस्थळ कशासाठी, ते कोण चालवते, तिथे शोधायला नेमका कोणता इंग्रजी शब्द टाकायचा, अनुवाद किती जुना आहे, एवढेच तिच्यात असावे. पर्सियसवरचा हिरॉडोटसचा अनुवाद शंभर वर्षांपूर्वीचा आहे, हे मुलांना माहीत हवे. दुवे तुटतात, म्हणून दर वर्षी कुणीतरी ती तपासावी आणि तपासणाऱ्याला त्याचे मानधन मिळावे.

दुसरे, ग्रंथपालांसाठी एक दिवसाचे शिबिर. भाषणांचे नको, संगणकासमोर बसवणारे. आमचे ग्रंथपाल तुटपुंज्या पगारावर काम करतात आणि मन लावून करतात. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर वैयक्तिक खाते उघडले की काही लेख विनाशुल्क वाचता येतात, हे त्यांना माझ्याकडून कळले आणि मला पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याकडून. अशी कानगोष्टींची व्यवस्था किती गावांना पुरणार?

ग्रीसपुरती यादी मी करून ठेवली आहे, वहीची अकरा पाने. अक्षर वाचण्याजोगे आहे. ती कुणाच्या नावे पाठवू, तेवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
जि. यवतमाळ