निख्या, बाबांच्या रजिस्टरबद्दल

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय निख्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं नाही, कारण संध्याकाळी माझा फोन बाबांकडे असतो, सोल्डरिंगचे व्हिडिओ बघायला. मेसेज आला की ते आधी वाचतात, मग मला सांगतात. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आईची साखर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच, मुग्धा मजेत. बाबांचं पुढे येतंच आहे, त्यांच्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहितोय.

तर, तुझा तो एक्सबॉक्स थ्री-सिक्स्टीचा गेम खेळायचा कंट्रोलर. माळा आवरताना ईशानला सापडला. मधल्या बटणाभोवतीचे चार हिरवे दिवे बघून त्याने विचारलं, हे लाल करता येतील का? मी "अभ्यास कर" म्हणेपर्यंत बाबा खुर्चीतून उठले होते. "आण इकडे." बस्स, तिथून सुरू झालं. (वरचा डावा दिवा अजूनही मंदच लागतो. पहिला खेळाडू कोण यावरून आपण इतकं भांडलो, आणि त्याचा बोर्डावरचा तांब्याचा पॅड उपटला तूच. मी नाही. हे आता लेखी देतोय, जपून ठेव.)

स्क्रूच्या मध्ये ती खुंटी असते ना, त्यासाठी आपण चपटा स्क्रूड्रायव्हर घासत बसायचो. बाबा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवरून भोक असलेला टी-एट बिट घेऊन आले आणि वर एलईडीची पुडी, रेझिस्टन्स, सोल्डर नीट बसावं म्हणून लागणारा फ्लक्स, अडीच तास दुकानदारांशी गप्पा. आईने फोन केला तर म्हणाले, कामात आहे. रिटायर झाल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

लाल दिवे झाले. मग ईशानच्या मित्राला स्टिकखाली निळे हवे झाले. आता निळा म्हणजे बाबांचा जुना वैरी. वागळे इस्टेटला कंपनीत ते लाइनवर होते तेव्हा लाल, हिरवा, पिवळा एवढंच असायचं. झगझगीत निळा बाजारात आला तो १९९३ नंतर, आणि तो करणाऱ्या तिघा जपान्यांना २०१४ साली नोबेल मिळालं, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मिळणारच. त्याला तीन व्होल्टच्या वर लागतात." थ्री-सिक्स्टीत दोन पेन्सिल सेल, आणि चार्जिंगवाले असले की जेमतेम २.४ व्होल्ट. तिथून थेट तार ओढली तर निळा डोळाही उघडत नाही. त्या पोराकडे पीएसफोरचा, म्हणजे प्लेस्टेशनचा कंट्रोलर निघाला, त्यात लिथियमची बॅटरी, मग काम जमलं. बाबांनी 'लोकसत्ता'च्या कडेला गणित केलं: फुल चार्जला ४.२, निळ्याचे ३.१ गेले, उरले १.१, करंट हवा ५ मिलिअँपिअर, म्हणजे २२० ओहम. तू असतास तर म्हणाला असतास, "रेझिस्टन्स कशाला काका, थेट लावा." तुझा तो थेट लावलेला एलईडी आठवतो? काय लख्ख पेटला होता! किती वेळ, ते मी बोलत नाही.

बाजारात याचं तयार किट मिळतं, पातळ पट्टीचं, बटणांखाली सरकवायचं, सात रंग. बाबांच्या मते किट म्हणजे पिशवीतलं इडलीचं पीठ. ते एकेक एलईडी हाताने लावतात. कंट्रोलर थरथरला की दिवा चमकावा म्हणून त्यांनी एकाच्या मोटरला जोडून एलईडी दिला आणि मोटर बंद होताना उलटा झटका मारते म्हणून करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोडही उलटा टाकला. हे त्यांना कुठल्या व्हिडिओने शिकवलं नव्हतं. बॅटरीवरून सरळ तार घेतली की कंट्रोलर झोपला तरी दिवे जागे राहतात आणि सकाळी चार्ज गायब, म्हणून मीटर घेऊन बोर्डावर बंद होणारी जागा शोधत दुपार काढतात. बी विंग, सी विंग, समोरची सोसायटी, सगळीकडची पोरं "आजोबा आहेत का?" म्हणून बेल मारतात. पैसे घेत नाहीत. रजिस्टर ठेवलंय. लांबट, लाल कापडी पाठीचं, कंपनीत असायचं तसं. तारीख, नाव, विंग, रंग, काम, तपासणी. शेवटच्या रकान्यात "पास" आणि सही.

आता मुद्दा. निख्या, बाबांचा हात थरथरतो.

मांडीवर ठेवला तर स्वस्थ असतो. काही धरायला गेले की सुरू. डॉक्टर म्हणाले वयाचा कंप आहे, पार्किन्सन्स दिसत नाही, चहा कमी करा. बाबांनी डॉक्टर बदलायची सूचना मांडली. सोल्डरची तार ते कपड्यांच्या चिमट्यात अडकवून टेबलावर उभी करतात, उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरतात आणि ती सोल्डरिंगची जुनी पंचवीस वॉटची इस्त्री हळूहळू खाली आणतात. टोक पॅडला टेकतं तेव्हा बरोबर टेकतं. उचलताना मात्र हात उडतो आणि सोल्डरची शेपटी ओढली जाते. कधी ती शेजारच्या पॅडवर जाऊन बसते. कधी जॉइंट गोळ्यासारखा वर राहतो, आत धरलेलाच नसतो. रंगाचा दिवा नाही लागला तर पोरगं परत येईल, त्याचं काही नाही. पण पीएसफोरमध्ये लिथियमची बॅटरी आहे, तिची दोन टोकं जोडली गेली आणि दुसऱ्या इयत्तेतल्या पोराच्या हातात ती तापली तर?

म्हणून रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट लावून बसतो. कंट्रोलर उघडायचा, आधी बॅटरीची पिन काढायची, शेपट्या तांब्याच्या वातीने शोषून घ्यायच्या, फ्लक्स लावून जॉइंट नवा करायचा, बंद करून होता तसा ठेवायचा. मुग्धाला माहीत आहे. ती म्हणते, सरळ सांग. काय सांगू? ज्या माणसाने माझ्या हातात पहिली इस्त्री दिली त्याला सांगू की तुमचे जॉइंट मी तपासतो?

आणि तपासणी हेच तर त्यांचं काम होतं ना रे. तुला ठाऊक आहे. जॉइंट बघून लाइनवरच्या कुठल्या बाईचा आहे ते सांगायचे. आपले दोघांचे बोर्ड अदलाबदल करून ठेवले होते तेव्हा काय झालं आठव. तुझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "निखिल, घाई कसली आहे?" माझी तार बारीक, अर्ध्या मिलिमीटरची. त्यांचं जुनं जाड रीळ. डोळे आता नवे. हे त्यांना दिसत नसेल?

परवा रात्री रजिस्टर सहज उघडलं. मागच्या महिन्यापासून तपासणीच्या रकान्यात काही ठिकाणी पेन्सिलीने लिहिलंय, "रीवर्क, पास." मी हात लावला त्याच कंट्रोलरांपुढे. ज्यांना लावला नाही त्यांच्यापुढे नुसतं "पास". अक्षर वेडंवाकडं, पण त्यांचंच.

तेव्हापासून झोप नाही. एक म्हणजे त्यांना कळलंय, ते मला इन्स्पेक्टरसारखं चालवून घेतायत, आणि बोलत नाहीत कारण बोललो तर काम थांबेल. हे असेल तर मी रोज रात्री बसायला तयार आहे. पण दुसरं? सकाळी कंट्रोलर उघडून चांगला जॉइंट बघतात आणि त्यांना वाटतं, काल आपणच दुरुस्त केला असणार. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवून विसरले. दूध तर आईही विसरते, मीही विसरतो. पण मी आता प्रत्येक गोष्ट मोजायला लागलोय. किल्ली कुठे ठेवली, समोरच्या जोशींचं नाव आठवायला किती वेळ लागला. काल एक कंट्रोलर मागचे स्क्रू न लावताच टेबलावर ठेवून झोपायला गेले. माझ्यासाठी उघडा ठेवला की राहिला? अर्धा तास नुसता बघत उभा होतो.

मी विचारलं तर खरं सांगणार नाहीत. तुला सांगतील. तुझ्याशी ते कामाचं बोलतात, माझ्याशी बापाचं.

तर एक कर. पुढच्या रविवारी इथल्या अकराच्या सुमारास त्यांना व्हिडिओ कॉल लाव. म्हण की मुलीच्या कंट्रोलरमध्ये दिवे घालायचेत, मोटरवर एलईडी देताना डायोड कसा लावायचा. ते रजिस्टर काढतीलच, दाखवल्याशिवाय राहणार नाहीत. तेव्हा विचार, काका, हे रीवर्क कोण करतं? हसू नकोस आणि माझं नाव काढू नकोस. चेहरा बघ फक्त. मिशीत हसले तर मला एक अंगठा पाठव. गोंधळले, इकडेतिकडे बघायला लागले, तर काही पाठवू नकोस, फोन कर, मी गच्चीवर जाऊन घेईन.

तुझं घराचं कर्ज मंजूर झालं का? श्रुतीची नोकरी बदलायची होती, ते काय झालं? मुलगी मराठी बोलते की नुसती समजते? बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय असं तिसऱ्यांदा ठरलंय, सह्या अजून अर्ध्याच. वीस वर्षांपूर्वीच्या मीटिंगला तुझे बाबा ज्या मुद्द्यावर उठून गेले होते, तोच मुद्दा चालू आहे.

अकरा म्हणजे आमचे अकरा. मागच्या वेळी तू पहाटे साडेतीनला लावला होतास आणि आई देवापुढे जाऊन बसली होती.

तुझा,
पऱ्या