पसरणीच्या रेसनंतर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, सोबतची राइडची फाइलही (सायकलवरच्या यंत्रातली वेग-ताकदीची नोंद) बारकाईने पाहिली. ‘आता रेस बास, सायकल विकून टाकतो’ असं लिहिलंयस. तीन दिवस तरी कुठलाच निर्णय घेऊ नकोस. पुण्याहून पाचगणी गाठल्यावर स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा तळाला गेलेला असतो. तो भरून यायला चोवीस तास किंवा त्याहून जास्त लागतात, आणि त्या रात्री झोपही धड लागत नाही. अशा दमलेल्या अंगाने विचार केला की सगळंच वाईट दिसतं. दोन वेळा पोटभर वरण-भात जेव, सोबत अंडी किंवा उसळ असू दे. एक दिवस पूर्ण विश्रांती, मग दोन-तीन दिवस सपाट रस्त्यावर पाऊण तास, गप्पा मारता येतील इतक्या हळू. पाय शाबूत आहेत का हे बघायला एफटीपी टेस्ट (सुमारे तासभर टिकवता येणारी कमाल ताकद मोजण्याची चाचणी) मात्र घेऊ नकोस. दमलेल्या पायांचा आकडा खोटा येतो आणि मन आणखी खचतं.

आता रेस. तुला वाटतंय, वाई-पाचगणीमधल्या पसरणी घाटाने तुला हरवलं. मला फाइलमध्ये तसं दिसत नाही. तू मागे पडलास त्याआधीच्या खंबाटकी घाटात. पायथ्याला तू गटाच्या अगदी शेपटाला होतास. पुढचे लोक चढाला लागले, मध्ये फटी पडल्या, आणि त्या भरायला तू पहिली चार मिनिटं ३२० वॉट मारलेस. तुझी एफटीपी २४०. म्हणजे मर्यादेच्या सव्वापटीहून जास्त, तेही पुढे पसरणी उभी असताना. वर पोचलास तेव्हा गट वीस सेकंदच पुढे होता, पण उतारानंतर सुरूर फाट्यापर्यंत तू एकटा वारा कापत गेलास. गटाच्या आत बसलेल्याला तोच वेग राखायला साधारण पंचवीस ते तीस टक्के कमी ताकद लागते. तुझी वाईच्या आधीची पंधरा मिनिटं तिथे जळली.

उपाय साधा आहे, जमवायला कठीण. पारगाव-खंडाळ्याच्या अलीकडे गट सैलावतो, तेव्हा कडेने पुढे सरकून पहिल्या दहांत ये. मग चढावर आपल्या दमाने चढ. आठ-दहा जण ओलांडून गेले तरी माथ्यावर तू गटातच असशील.

दुसरं कारण त्याहून मोठं. तू काय खाल्लंस तेही लिहिलंयस: दोन केळी आणि एक एनर्जी जेल. म्हणजे जेमतेम ७५ ग्रॅम कर्बोदकं. वाईपर्यंतच्या तीन तासांना, तासाला ६० ग्रॅम धरले तरी १८० लागत होते. साखरेच्या पाण्याची बाटली शिरवळच्या आधी खड्ड्यात उडाली, हे तू जाता जाता एका ओळीत सांगितलंस. मला तीच ओळ महत्त्वाची वाटते. पसरणीत पाय गळालेले, डोकं बधिर, हातांना कापरं: हे पोटात काही नसल्याचं लक्षण आहे. तयारी कमी पडली असती तर नुसता वेग मंदावला असता.

बाटली का उडाली? २५ मिमीच्या टायरमध्ये ११० पीएसआय दाबाची हवा भरलेली होती. तुझ्या ६८ किलोंना ८०–८५ पुरे. त्याहून फुगवला की सायकल खड्ड्यावर उसळते. बाटली धरणारा अॅल्युमिनियमचा केज सैल झाला असेल तर दोन्ही बाजू हाताने किंचित आत दाब, बाटली ओढताना जोर लागला पाहिजे. बाटलीत ७५० मिली पाणी, साधी साखर ६० ग्रॅम, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, त्यामुळे महागड्या पावडरीवाचून काम भागतं. आणि निम्मं खाणं बाटलीत, निम्मं जर्सीच्या खिशात, म्हणजे एक गेलं तरी दुसरं उरतं. खिशात राजगिऱ्याची वडी किंवा बी काढलेला खजूर ठेव. शेंगदाण्याची चिक्की नको, तेलामुळे ती पोटात रेंगाळते. हे सगळं सरावात खाऊन बघ, पोटालाही सवय लागते.

चढ सोपा जावा म्हणून ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) घ्यायची म्हणतोस. घाई करू नकोस. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे, सरासरी साडेचार टक्के. पुढे ३४ दात, मागे २८ लावून ताशी पंधराने गेलास तर पेडल मिनिटाला जवळपास ९८ वेळा फिरतं. गिअर पुरेसा आहे. ताशी दहावर आल्यावर ते ६५ झालं आणि गिअर जड वाटला, इतकंच. शिवाय तुझा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) आखूड बाहूचा आहे, ३० दातांपुढे चालणार नाही. कॅसेट, डिरेलर, लांब चेन असा तिहेरी खर्च नाहक पडेल.

दहा दिवसांनंतर आठवड्यातून एकदा हा सराव सुरू कर: एक मिनिट २९० वॉट, लगेच आठ मिनिटं २३०, मग सहा मिनिटं अगदी हलकं. असे तीन फेरे. घाटाच्या तोंडावरचा धक्का खाऊन पुढे टिकायचं, हेच तुला शिकायचंय. तिसऱ्या फेऱ्यात २३० टिकत नसेल तर पहिलं मिनिट २८० वर आण, पण आठ मिनिटं तोडू नकोस.

पहिल्या सरावाची फाइल पाठव, आणि त्या दिवशी काय-काय खाल्लंस ते ग्रॅममध्ये लिही. घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच मित्र