काढूनच टाक म्हणालीस त्याबद्दल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर "आई, सगळं काढूनच टाक, विषाची परीक्षा नको" म्हणालीस आणि रडायलाच लागलीस. मला तेव्हा बोलवेना, म्हणून लिहितेय. मी स्तन वाचवायची शस्त्रक्रिया करून घेणार आहे. दोन सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ, भोवतीची थोडी निरोगी कड धरून काढतील.

तुला वाटतं, जास्त कापलं की जास्त सुरक्षित. आत्याच्या वेळी डॉक्टरही तसंच मानायचे. १९७४ साली तिचा स्तन, खालचा छातीचा स्नायू, काखेतल्या लसिकागाठी (त्या सगळ्यांनाच असतात), सगळंच काढलं. त्या गाठी गेल्याने हात सुजून जड झाला तो कायमचाच. दोरीवर धुणं टाकायलाही कुणीतरी लागायचं. तान्ह्या बाळाला मोहरीची उशी करतात ना, तशी मोहरी भरून शिवलेली पिशवी ती चोळीत ठेवायची. उन्हात ठेवलेली ती पिशवी मी एकदा खेळायला घेतली. आत्या रागावली नाही. नुसती माझ्या हातून काढून घेतली आणि आत गेली.

त्याच दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बर्तो वेरोनेसी या सर्जननी हाच प्रश्न तपासायला घेतला. वीस वर्षांच्या नोंदी २००२ मध्ये छापून आल्या. पूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन वाचवलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक नव्हता. त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाण मात्र फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्यांत ३९ टक्के, घेतलेल्यांत १४ टक्के. म्हणून रेडिएशनचा एकही दिवस मी चुकवणार नाही.

आणि माझा जीव अडकलाय तो हातात. स्तनात निळा रंग टोचून, तो काखेतल्या ज्या लसिकागाठींत आधी पोचेल तेवढ्याच काढून तपासतील. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या जागच्या जागी राहतील.

काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर पुन्हा ऑपरेशन, कदाचित पूर्ण स्तनही जाईल. इम्प्लांटसाठी, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम स्तनासाठी, तू पैसे बाजूला काढतेयस, हे जावईबापूंनी सांगितलं. बाळा, इम्प्लांटवर रेडिएशन पडलं तर भोवतालचं आवरण कडक होऊन आवळण्याची शक्यता वाढते. पोटाची कातडी आणि चरबी वर नेऊन स्तन घडवतात, तो आपल्याच मांसाचा असतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडायच्या म्हणजे फार लांबलचक ऑपरेशन. तुझ्या वयाची असते तर तेच मागितलं असतं. आज मला सपाट छाती चालेल. मन बदललंच तर पुनर्रचना नंतरही करता येते.

येताना समोर बटणं असलेले दोन सुती गाऊन आण, डोक्यावरून घालायचे नकोत. आणि तुझ्या मनातले सगळे प्रश्न वहीत लिहून आण. डॉक्टरांसमोर मी एकेक वाचून विचारीन.

तुझी,
आई