सर्व्हर आपोआप बंद करायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. बाबांच्या अभंगांच्या जुन्या कॅसेटी मी ज्या घरच्या सर्व्हरवर उतरवून ठेवल्या आहेत, तो गेल्या पावसाळ्यात आपल्यामुळे वाचला. म्हणून हे पत्र.

नेरुळला पहिल्या पावसात लाइट गेली, की यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर वीज पुरवणारा संच, आहे म्हणजे काळजी नाही, असे मी धरून चालले होते. त्या रात्री यूपीएसने बॅटरी संपेपर्यंत इमाने साथ दिली आणि मग सर्व्हर लिहिता लिहिताच बंद पडला. ध्वनिफिती बचावल्या, पण त्यांच्या सूचीचा डेटाबेस बिघडला आणि ती पुन्हा करण्यात माझे तीन रविवार गेले.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या सांभाळण्यात आपली नोकरी गेली, त्यामुळे आपण आधी सॉफ्टवेअरला हातच लावू दिला नाही. सर्व्हर काढून त्याच्या जागी ६० वॅटचा पिवळा बल्ब लावलात, यूपीएसची यूएसबी केबल माझ्या लॅपटॉपला जोडलीत, भिंतीवरचे बटण बंद केलेत आणि मला दर मिनिटाला बॅटरीच्या टक्क्यांचा आकडा वहीत लिहायला सांगितलेत. अकराव्या मिनिटाला पडद्यावर ४० टक्के दिसत असतानाच बल्ब विझला. जुन्या लेड ॲसिड बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, भार पडताच तिचा व्होल्टेज कोसळतो, म्हणून टक्क्यांवर विसंबू नये, हे त्या अंधारात मला जसे कळले तसे वाचून कधीच कळले नसते.

मग ‘नट’, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हे यूपीएसवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर, बसवून आपण टक्क्यांऐवजी वेळेवर भर दिलात: लाइट गेल्यावर चार मिनिटांचा टायमर सुरू व्हावा, तेवढ्यात लाइट आली तर तो रद्द व्हावा, नाहीतर डेटाबेस आधी आणि सर्व्हर नंतर रीतसर बंद व्हावा. सर्व्हर बंद होत असतानाच लाइट परतली तर काय, हा प्रश्न मला सुचलाच नसता. अशा वेळी यूपीएसचा पुरवठा खंडित होतच नाही, त्यामुळे बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज आल्यावर सुरू हो’ असे ठरवलेले असले तरी सर्व्हर बंदच राहतो. त्यासाठी शेवटी यूपीएसलाच पुरवठा तोडून पुन्हा सुरू करण्याची आज्ञा आपण द्यायला लावलीत आणि ती आमचा यूपीएस खरोखर पाळतो की नाही, हेही समोर तपासलेत. ही तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते.

परवा पहाटे २ वाजून १४ मिनिटांनी लाइट गेली. नोंदीत २:१८ ला सर्व्हर बंद, २:५५ ला सुरू, असे दिसले; आम्ही सगळे झोपेतच होतो. सकाळी आईने नेहमीप्रमाणे बाबांचा आवाज लावला.

नवी बॅटरी बसवल्याची तारीख यूपीएसवर चिकटवली आहे. येत्या रविवारी बल्बची चाचणी पुन्हा घेणार आहे; वही आणि चहा तयार असेल, आपण अवश्य यावे.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण